चौदावं कलम

तिने करड्या गाडीचं दार तिसऱ्यांदा आपटलं, तशा शोरूममधल्या चारपाच माना एकदम वळल्या.

"मॅडम, एवढ्या जोराची गरज नाही," विक्रेता म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू सकाळी शर्टाबरोबर घातलेलं असावं, संध्याकाळपर्यंत काढायचं नाही अशा बेताने.

"आपटू दे तिला," चाकाच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "दार कसं आहे ते आपटल्यावरच कळतं."

दाराचा आवाज मुळीच पोकळ आला नाही, आणि त्याचाच तिला राग आला. करडीत काहीतरी खोट निघावी अशी तिची मनापासून इच्छा होती, कारण करडी धाकट्याने निवडली होती.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. विमानाने अकरा तासांवरच्या शहरात त्याची नोकरी होती. दोन वर्षांनी तो परवा आला होता आणि उद्या परत जाणार होता. हातात टॅब, टॅबमध्ये तक्ता. घरची गाडी बदलायची ठरल्यापासून गेले दोन महिने तो तिकडून उंटावरून शेळ्या हाकत होता. या गाडीचा व्हिडिओ बघ, त्या गाडीचा रिव्ह्यू वाच, याचं चार्जिंग बघ, त्याचा टॉर्क बघ. ती बघायची, कारण बघायला तिच्याकडे वेळच वेळ होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बाबांच्या डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर चार-चार तास.

तीन वर्षं हे चाललं होतं. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. त्या तीन दिवशी मालक तिला दुपारनंतर यायची सवलत द्यायचा, आणि सवलत दिल्याचं महिन्यातून एकदा न चुकता ऐकवायचा. घरची गाडी सोळा वर्षांची, बसकी. बाबांना तिच्यात बसवायचं म्हणजे विहिरीत बादली सोडावी तसं हळूहळू सोडायचं, आणि काढायचं म्हणजे शेंदायचं. वर धुराचा वास आणि सिग्नलला उभी असतानाची ती थरथर. मशीनवरून सुटलेल्या माणसाचा रक्तदाब आधीच तळाला गेलेला असतो. अर्ध्या वाटेत उलटी ठरलेली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, विजेवरची बघा, धूर नाही, थरथर नाही. आणि फार उंचही नको, फार बसकीही नको, ती मधली क्रॉसओव्हर असते ना, तसली घ्या.

झालं. डॉक्टरांचं वाक्य फोनवरून धाकट्याच्या कानावर गेलं आणि त्याने तक्ता केला.

तक्त्याशिवाय या घरात काहीच घेतलं गेलं नव्हतं. बाबा चौतीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर होते. त्यांच्या सहीने हजारो लोक वर गेले आणि सगळे धड खालीही आले, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवरच घरातला फ्रीज ठरला होता, धाकट्याचं कॉलेज ठरलं होतं, आईचं ऑपरेशन कुठे करायचं तेही ठरलं होतं. एकाखाली एक कलमं, प्रत्येकापुढे दहापैकी गुण, शेवटच्या रकान्यात शेरा. बाबांचे नियम दोनच. कलम कधी गाळायचं नाही. गैरलागू असेल तर तिथे 'लागू नाही' असं लिहायचं. आणि 'लागू नाही' असं लिहिलं, की का नाही ते शेऱ्यात लिहायचं. आई गेल्याला पाच वर्षं झाली, पण तिने घरात मांजर आणू न देण्याबद्दल भरलेला तक्ता अजून कपाटात होता.

"सर, एका चार्जमध्ये ही साडेचारशे किलोमीटर जाते," विक्रेता धाकट्याला सांगत होता.

"दवाखाना सात किलोमीटरवर आहे," ती म्हणाली.

"आणि सर, स्क्रीन बघा. सेगमेंटमधली सर्वांत मोठी."

"गाडी मी चालवणार आहे."

"हो का मॅडम?" विक्रेत्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मग रंग बघून घ्या ना. सहा रंगांत येते."

तिने दातओठ खाल्ले. धाकटा मान खाली घालून टॅबमध्ये गुण भरत होता. त्याला यातलं काही ऐकू आलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. तिने बाबांना उठवलं, काखेत हात घालून करडीच्या पुढच्या सीटकडे नेलं. सीट चांगलीच उंच होती. बाबांनी आधी टेकायचा प्रयत्न केला, मग चढायचा, आणि शेवटी सुया टोचून टोचून गाठी आलेल्या हाताने दाराची कड धरली. तो हात वापरायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

"हात!" ती ओरडली.

धाकट्याने दचकून वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. सीटच्या उंचीला किती देतोस?"

"सात?"

"तू बसतोयस का त्यात?"

त्याने सात खोडून पाच केले आणि ती आणखीच चिडली, कारण भांडायला काही उरलं नाही.

तक्त्यातली दुसरी गाडी, निळी, शेजारच्याच शोरूममध्ये होती, मध्ये फक्त एक फूटपाथ. तिथला विक्रेता पोक्त होता आणि त्याचा चष्मा एका कानावर चढलेला होता. डावी दांडी जरा तापवून वाकवली असती तर दोन मिनिटांत सरळ झाला असता. त्याने बाबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि मग तिला विचारलं, "तुम्हीच चालवणार ना?"

एवढ्यावर तिने निळीला मनातल्या मनात दोन गुण देऊन टाकले.

निळीची सीट बाबांच्या कमरेच्या बरोबर रेषेत आली. ते पाठमोरे टेकले, सरकले, वळले, आणि एकेक पाय स्वतःच्या हाताने उचलून आत घेतला. तिचे हात मध्येच हवेत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना गाडीत बसताना कोणी धरलं नव्हतं.

"बसलो," बाबा म्हणाले, जणू त्यांनी तसा अहवाल दिला.

ती घाईने मागच्या दाराशी गेली. "मागची सीट पूर्ण सपाट होते ना?"

"होते की." विक्रेत्याने दोन खटके ओढले, पाठी आडव्या पडल्या. "आत जाऊन बघा ना, संकोच करू नका."

तिने चपला काढल्या आणि ती आत शिरून आडवी झाली. डोकं पुढच्या सीटकडे, पाय मागच्या दाराकडे. पाय पुरले. वर काचेचं छत होतं आणि त्यात शोरूमचे दिवे. तिने डोळे किलकिले केले तर ते दिवे दिवे राहिले नाहीत. खाली दोन पाठींच्या सांध्याशी एक खाच होती, ती बरोबर कमरेच्या वर टोचत होती. ती कमरेखाली हात घालून जराशी सरकली. सकाळपासून आत जे उकळत होतं ते कधी थांबलं ते तिला समजलं नाही.

"ताई, झोपलीस काय?" धाकटा बाहेरून हसला.

ती खाडकन उठली. पुढच्या आरशात बाबांचे डोळे दिसले. ते तिच्याकडेच बघत होते.

"बघत होते," ती म्हणाली. "चौदावं कलम. बाबांना येताना आडवं व्हायला. नऊ दे. करडीची पाठ अर्धवट उभीच राहते, तिला तीन."

त्याने नऊ आणि तीन लिहिले. हे कलम तिनेच गेल्या आठवड्यात त्याला फोन करून घालायला लावलं होतं. अठरा कलमांत तिचं एवढं एकच.

इमारतीच्या लिफ्टमध्ये बाबांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचा दाखला वाचला. पुढील तपासणीची तारीख उलटून दोन महिने झाले होते. "आजकाल कोणी येतच नाही," ते पुटपुटले, आणि सहाव्या मजल्यापर्यंत दोरखंडाचा आवाज ऐकत राहिले.

घरी आल्यावर धाकट्याने पुढाकार घेतला. आज सगळं मी करणार, ताई, तू बस. त्याने बाबांना पलंगापर्यंत नेलं, टेकवलं, आणि त्यांना नीट आराम मिळावा म्हणून पाठीमागच्या तीन उशांतल्या दोन काढून बाजूला ठेवल्या. बाबा मागे गेले. दोन श्वास घेतले असतील नसतील, त्यांच्या छातीतून घरघर येऊ लागली. ती स्वयंपाकघरातून धावत आली.

"उठव त्यांना! आधी उठव!"

दोघांनी मिळून त्यांना उठवून बसवलं. तिने उशा परत लावल्या, एकावर एक, वरची जरा तिरकी. बाबांचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"तीन उशा लागतात," ती दरवाज्यापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली. दबका असला तरी त्या आवाजाला धार होती. "दीड वर्ष झालं. सपाट झोपले की छातीत पाणी चढतं. बसूनच झोपतात ते. आपला बाप कसा झोपतो हेसुद्धा तुला माहीत नाही, आणि तू त्याच्यासाठी गाडी निवडणार!"

"मला कोणी सांगितलं नाही, ताई."

"कोणी म्हणजे कोणी? मीच ना? सगळं मीच करायचं, आणि वर सांगायचंही मीच!"

बाहेर जाऊन त्याने तक्ता छापून आणला, कारण बाबा पडद्यावरचं वाचत नसत, आणि जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवला. बेरीज झालेली होती. करडी एकशे एकतीस, निळी एकशे अठ्ठावीस.

"तीन गुणांनी करडी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, पण तिला तो ऐकू आला.

ती काचेवरचा ओरखडा शोधावा तशी ओळ न् ओळ वाचत गेली. किलोमीटर, चार्जिंग, ब्रेक, सीटची उंची. नवव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"कुठलं?"

"नववं. बॅटरीची हमी. करडी सहा वर्षं, निळी दहा वर्षं. गुण दोन्हीकडे कोरे. 'लागू नाही'."

"ते... त्याचा आपल्याला तसा उपयोग नाही."

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

"सहा वर्षं तर दोन्ही गाड्यांची आहेतच ना, ताई. सहाच्या पुढचं आपल्याला..." तो थांबला.

"बोल की."

त्याने टॅब पालथा घातला. "मी डॉक्टरांशी बोललो गेल्या महिन्यात. ते म्हणाले, दोन वर्षं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली ते तिला नंतर आठवलं. "म्हणजे तू मुदत घातलीस? अकरा तासांवरून फोन करून तू माझ्या बापाची मुदत विचारलीस, आणि ती तक्त्यात भरलीस?"

"माझाही बाप आहे तो."

"तुझा? तुझा बाप फोनमध्ये राहतो. दर रविवारी दहा मिनिटं. कसे आहात, बरा आहे, काळजी घ्या, ठेवतो. माझा बाप उलटी करतो, तो गाडीत असतो. त्याची चादर मी धुते."

"मान्य आहे. सगळं मान्य आहे." त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाण्याआधी व्हायचे तसे. "पण मी विचारलं तरी. तू तीन वर्षं त्या डॉक्टरांच्या दारात बसतेस. तू एकदा तरी विचारलंस?"

तिने आवाज चढवला.

"मला विचारायची गरज नाही! मी रोज बघते त्यांना! ते नसतील तेव्हा काय, असा हिशोब करत मी बसत नाही तुझ्यासारखी. माझ्या डोक्यात येत नाही तो विचार. कळलं? येतच नाही!"

आतल्या खोलीत पेल्यावर चमचा दोनदा वाजला.

ती बाबांची बोलावण्याची खूण होती. भिंत पातळ होती, हे त्या घरात वाढलेल्या दोघांना माहीत असायला हवं होतं.

"तो कागद आणा," बाबांनी आतून सांगितलं. "आणि पेन."

बाबा उशांना टेकून बसले होते. त्यांनी चष्मा लावला, तिने गेल्या महिन्यात काचा बदलून दिलेला, आणि कागद मांडीवरच्या पुठ्ठ्यावर ठेवून वाचू लागले. प्रत्येक कलमापाशी पेनाचं टोक क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं. दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभी होती, प्रगतिपुस्तक दाखवायला आणल्यासारखी.

"नऊ नंबर," बाबा म्हणाले. "शेरा कोरा आहे."

"बाबा, ते चुकून..."

"चुकून 'लागू नाही' लिहिता येतं. शेरा चुकून कोरा राहत नाही. लिही." त्यांनी पेन पुढे केलं.

धाकट्याने पेन घेतलं. तो वाकला, टोक कागदाला लागलं, तिथे शाईचा एक ठिपका उमटला. पुढे अक्षर येईना. तिने एवढा वेळ त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं होतं. आता तिला दिसलं, की तो त्याच ठिपक्यावर पेन पुन्हा पुन्हा टेकवतोय. तिला त्याची कीव आली नाही. बरं झालं, असंच तिला वाटलं.

"माझ्या हाताखाली असतास तर मेमो दिला असता," बाबा म्हणाले. "आण इकडे. डॉक्टर काय म्हणाला ते मला ठाऊक आहे. मीही विचारलं होतं त्याला. मला तीन म्हणाला, तुला दोन. माणूस बघून सांगतो लेकाचा."

धाकट्याने तोंड फिरवलं.

"रडतोस काय? चौतीस वर्षांत मी कुठल्या लिफ्टला एका वर्षाच्या वरची सही दिली नाही. अगदी नव्या कोऱ्या लिफ्टलासुद्धा नाही. एकही लिफ्ट रुसली नाही माझ्यावर." एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यांनी दोन घोट पाणी घेतलं, तेही चमच्याने, कारण पाण्याचंही माप ठरलेलं होतं. मग पेनाचं टोक खाली सरकत गेलं आणि पुन्हा थांबलं.

"आणि चौदावं कोणाचं?"

"माझं," ती ठसक्यात म्हणाली. धाकट्याने ऐकावं म्हणून जरा मोठ्यानेच. "तुमच्यासाठीच घातलंय. येताना आडवं व्हायला."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. लिफ्टच्या खोलीत शिरल्यावर ते आधी असंच नुसतं उभे राहून बघायचे, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत.

"बरं," ते म्हणाले. "जा आता दोघं. मला वाचू द्या."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि सवयीने वळली, उशा घसरल्या तर नाहीत ना ते बघायला. तीन उशा. एकावर एक, वरची जरा तिरकी. आणि त्यांना टेकून ताठ बसलेले बाबा, दीड वर्षात एकदाही आडवे न झालेले.

ती स्वयंपाकघरात आली आणि तिने एक स्वच्छ कप विसळायला घेतला. बाकावरचे चार-चार तास तिला आठवले. धाकट्याने पाठवलेले व्हिडिओ संपले की आपोआप पुढचा सुरू व्हायचा, आणि एकदा तो सुरू झाला होता. तिच्याच वयाची एक बाई, समुद्रकाठी उभी केलेली गाडी, मागच्या सीटा आडव्या पाडून घातलेली गादी. बाई सकाळी मागचं दार उघडते, पाय बाहेर सोडून चहा पिते. एवढंच. बाईच्या शेजारी कोणीही नसतं. काचेपलीकडे बाबा मशीनला लावलेले असायचे आणि ती तो व्हिडिओ बघायची. किती वेळा पाहिला असेल? मोजले नव्हते. पण सात मिनिटं वीस सेकंदांचा होता हे तिला पाठ होतं.

माझ्या डोक्यात येत नाही तो विचार. येतच नाही. पातळ भिंतीच्या अलीकडे उभं राहून ती हे ओरडली होती.

तिला स्वतःचा इतका संताप आला, की हातातला कप तिने जवळजवळ आपटला. दिवसभर तिच्याकडे राग होता तो कसा ऐटीत होता; धाकट्यावर टाकता येत होता, विक्रेत्यावर टाकता येत होता, मालकावर, डॉक्टरवर. आता तो परत तिच्याच दारात येऊन उभा राहिला आणि जायचं नाव घेईना.

"ताई," धाकटा दारात आला होता. "मी ते कलम काढून टाकतो. नववं. चूक झाली माझी."

"कलम गाळायचं नाही," ती पाठमोरीच म्हणाली. पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. तिने नळ सोडला, बंद केला. "चहा घेणार?"

"घेतो."

तिने चहा टाकला. दोघांनी तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच प्यायला, शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता. त्याने दोन्ही कप धुतले आणि कपाटात उलटे ठेवायचे ते सुलटे ठेवले. तिने ते तसेच राहू दिले.

तासाभराने ती आत गेली. बाबांना बसल्याबसल्या झोप लागली होती, चष्मा नाकावरच होता. तिने तो हळूच काढून घडी केला. मांडीवरचा कागद घसरत होता तो उचलला आणि खिडकीशी नेला.

नवव्या कलमातलं 'लागू नाही' एका सरळ रेघेने खोडलं होतं. पुढे तिरक्या, बारीक, चौतीस वर्षं दाखल्यांवर घोटलेल्या अक्षरात शेरा होता: 'रुग्णास लागू नाही. चालकास लागू आहे. गुण धरावेत.' करडीपुढे सहा लिहिले होते आणि निळीपुढे दहा. तळाची बेरीज दुरुस्त केली होती. करडी एकशे सदतीस, निळी एकशे अडतीस. खाली सही, तारीख, आणि 'पुढील तपासणी' असं लिहून पुढच्या वर्षीची आजचीच तारीख. त्याखाली फॉर्मवर असायचं तेच वाक्य: 'तपासणीच्या वेळी दोन्ही पक्षांनी हजर राहावे.'

एका गुणाने निळी. म्हणजे चौदावं कलम खोडलं असतं, तर करडीच पुढे राहिली असती. चौदाव्या ओळीकडे बघायचं तिने तोपर्यंत टाळलं होतं. तिला वाटलं होतं, तिथेही तशीच सरळ रेघ असेल.

रेघ नव्हती. तिथे नऊ नऊच होते, तीन तीनच होते. 'बाबांना आडवं व्हायला' यातल्या 'बाबांना' या शब्दाखाली पेन टेकल्याची खूण होती, पण तो शब्दही त्यांनी तसाच राहू दिला होता. शेऱ्यात लिहिलं होतं:

'मधल्या सांध्याची खाच कमरेला लागते. गादी चार बोटं जाड घ्यावी.'